सुमनच्या गाडीवर कुणाचं नाव नव्हतं

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात होते. एका डोळ्यावर काच धरून समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तिची वैशाली म्हणाली, आणि मग, "झोपेतच..." दुकानदारानं माझा चेहरा बघून खुर्ची पुढे सरकवली, पण मी बसले नाही. रिक्षानं छावणीत पोचले तर अंगणात माणसं जमली होती, कुणी लाकडांचं बोलत होतं, कुणी गुरुजींना फोन लावत होतं, आणि सुमनची लाल मोटारसायकल कोपऱ्यात ढकलून तिच्या सीटवर कुणीतरी ओले टॉवेल टाकले होते. मी आधी ते टॉवेल उचलले. मग आत गेले.

दोन दिवसांनी पेपरात निधनवार्ता आली. नातेवाइकांपैकी कुणीतरी दिली असावी. 'सोशिक, मितभाषी व मायाळू स्वभावाच्या' असं त्यात छापलं होतं. माया होती, ते खरं. बाकीचे दोन शब्द कुणाबद्दल आहेत मला माहीत नाही. सुमन मितभाषी असती तर छावणीतल्या निम्म्या लोकांची आयुष्यं बरीच सुखाची गेली असती. आणि सोशिक? पस्तीस-चाळीस वर्षं मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहिले. तिनं निमूटपणे सोसलेली एकही गोष्ट मला आठवत नाही. आता महिना होऊन गेला, घरातली वर्दळ संपली, पण ते दोन शब्द काही माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सुमन नर्स होती. सुरुवातीची नोकरी लासूर स्टेशनच्या बाजूला, खेड्यापाड्यांत. लसी टोचायच्या, बाळंतपणं करायची, आणि हे सगळं पायी. तिचे यजमान वसंतराव तिथल्याच बाजारात मापाडी होते, दिवसभर काट्यापाशी उभे राहून धान्याची पोती मोजायची. बायकोच्या पायांची दशा बघून त्यांनी कुणाचीतरी वापरलेली लाल मोटारसायकल घेतली, आणि बाजार बंद असायचा त्या दिवशी मोकळ्या आवारात तिला चालवायला शिकवली. जमिनीवर बाजरीचे दाणे सांडलेले असायचे, चाक घसरायचं, सुमन पडायची, वसंतराव उचलायचे. नऊवारीतल्या सासूपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे बघायला जमायचे. कुणी मुद्दाम खाकरून थुंकायचं. "थुंकू दे," वसंतराव म्हणायचे, "धूळ बसंल खाली." हे मला सुमननंच सांगितलं, आणि सांगताना दर वेळी ती त्यांच्यासारखा आवाज काढायची.

वसंतरावांना कावीळ झाली आणि बघता बघता माणूस गेला. दिवसकार्य झालं, आणि धाकटा दीर भास्कर गाडी घेऊन गेला. बाईमाणसाला कशाला हवी गाडी, असं म्हणून नव्हे. काही न म्हणताच. सुमननं तेव्हा बदली मागून घेतली आणि लहानग्या वैशालीला घेऊन ती छावणीच्या दवाखान्यात आली. आमच्या शेजारची खोली रिकामी होती, ती तिला मिळाली. मी तेव्हा शाळेत शिकवायचे, म्हणून सगळ्या गल्लीसारखी तीही मला 'बाई' म्हणू लागली, आणि शेवटपर्यंत 'बाई'च म्हणत राहिली. वर्षभर ती पुन्हा पायी फिरली. मग एकदा लासूरचा एक पेशंट दवाखान्यात आला आणि सहज बोलून गेला की भास्करनं गाडी झकास सजवलीय, टाकीवर मोठ्या अक्षरांत नाव टाकलंय. त्या संध्याकाळी सुमन माझ्या दारात उभी राहिली.

"बाई, उद्या सुट्टी हाय ना तुम्हाला? माझ्यासंगं लासूरला चला."

"कशाला?"

"गाडी आणायला."

गाडी बाजारापाशी एका हॉटेलसमोर उभी होती. पेट्रोलच्या टाकीवर दोन्ही बाजूंनी पिवळ्याधमक रेडियमची अक्षरं: भास्करदादा. मागच्या मडगार्डवर आणखी काहीबाही, एक वाघाचा जबडा, दोन बाण. भास्कर आत चहा पीत बसला होता, सोबत चार टाळकी. सुमनला बघून तो उठला. "वहिनी! या, या. चहा सांगू?"

"चहा नको. चावी दे."

"कशाची?"

"गाडीची."

तो हसला, टाळकी हसली. "गाडीवर नाव बघा की कुणाचं हाय ते."

सुमन खरंच गाडीजवळ गेली. पहिलीतलं पोर वाचतं तसं एकेका अक्षरावर बोट ठेवून तिनं मोठ्यानं वाचलं, "भा... स्क... र... दा... दा. बरं. हे निघतंय. चावी दे."

मग भास्करचा आवाज चढला. घराणं, अब्रू, गावोगाव एकटी फिरणारी बाई, सगळं निघालं. सुमन त्याचं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "तुझी बायको अडली व्हती तवा मी ह्याच गाडीवर आले व्हते. रातभर बसले तिच्यापाशी. तवा घराणं कुठं गेलं व्हतं तुझं?" कुणीतरी घरी निरोप दिला असावा, कारण तेवढ्यात सुमनची सासू पदर सावरत गल्लीतून आली. सरळ मुलाजवळ गेली, त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि चावी काढून सुमनच्या हातात दिली. "वसंतानं हिला शिकिवली व्हती," ती त्याला म्हणाली. "तुला नाय."

परत येताना मी मागे बसले होते, सुमनच्या कमरेला घट्ट मिठी मारून. गाडीच्या दोन्ही अंगांना भास्करदादा आणि वर आम्ही दोघी लुगड्यांतल्या बाया. रस्त्यावरचे लोक वळून वळून बघत होते. पेट्रोल पंपावरच्या माणसानं विचारलंच, "भास्करदादा कोण?" सुमन म्हणाली, "सांजच्यापर्यंत मीच."

सांजच्यापर्यंत काही झालं नाही. घरी आल्या आल्या तिनं नखानं एक कोपरा उकरला, ओढला, तर वरचा पिवळा पापुद्रा फाटून हातात आला आणि खालचा डिंक टाकीलाच राहिला. मग तिनं स्वयंपाकघरातून उलथनं आणलं. ते मात्र मी हिसकावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी छावणीच्या बाजारात सलीमभाईंकडे नेली. नंबरप्लेटा रंगवायच्या आणि रेडियमची अक्षरं कापून चिकटवायची हा त्यांचा धंदा. त्यांनी वाकून टाकी बघितली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि कौतुकानं म्हणाले, "किसने चिपकाया? काम अच्छा करा."

"चांगलं केलंय म्हणूनच निघंना," सुमन म्हणाली.

सलीमभाईंना हसू आवरेना. आयुष्यभर लोक चिकटवायला येत होते, काढायला आलेली ही पहिलीच. "ब्लेड की पत्ती मत लगाना, सिस्टर. रंग खरवडून जाईल. गाडी उन्हात ठेवा, वर गरम पाण्याचं फडकं ठेवा. डिंक नरम झाला की कोपरा उचलायचा आणि आडवं ओढायचं, सावकाश. वर नाय ओढायचं. चिकटा राहिला तर खोबरेल लावून सोडून द्या थोडा टाइम. बस, थोडा सबर होना."

"सबर नाय माझ्याकडं."

"तो फिर पानी ज्यादा गरम करो."

मग रोज ड्यूटीवरून आली की सुमन अंगणात टाकीसमोर पाटावर बसायची. एका हातात पिळलेलं फडकं, वाफ निघतेय, बोटं लाल झालेली. एक काना निघायचा, शिरोरेघेचा एक तुकडा निघायचा. खोबरेल मुरलेला चिकटा अंगठ्यानं चोळला की शेवयांसारख्या काळ्या वळ्या व्हायच्या, त्या ती पदराच्या टोकानं नाही, वसंतरावांच्या जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसायची, कारण पदराच्या जरीनं रंगाला ओरखडे पडतील. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. गल्लीतली माणसं येता-जाता उभी राहायची आणि रॉकेलपासून वाळूपर्यंत उपाय सांगायची. शेवटी सगळी अक्षरं निघाली, आणि आम्ही बघतो तर नाव तिथंच! आजूबाजूचा लाल रंग उन्हानं फिका झाला होता आणि अक्षरांखाली मूळचा गडद लाल शाबूत राहिला होता. पिवळ्या भास्करदादाच्या जागी लाल भास्करदादा.

मला रडूच आलं. घरमालक वरून बघत होते, ते म्हणाले, "सिस्टर, नवा रंग मारून टाका. एका दिवसाचं काम."

"रंगानं काय केलंय?" सुमन ताडकन म्हणाली. "हा रंग बघून त्यांनी गाडी घेतली व्हती. भास्करच्या नावापायी मी ह्यांचा रंग खरवडू?"

तिनं पॉलिशची डबी आणली आणि फिका भाग घासायला घेतला, मूळचा लाल वर येईपर्यंत. पावसाळा त्यात गेला. आधी नाव लांबून दिसेनासं झालं, मग जवळून, मग फक्त उन्हं तिरपी झाली की एखादा काना चमकायचा. एका सकाळी तिनं मला हाक मारली, टाकीपुढे उभं केलं आणि म्हणाली, "वाचा." मी वाकून, चष्मा पुसून, दोन्ही बाजूंनी पाहिलं. वाचण्यासारखं काही नव्हतं. "शाळेत शिकवता ना?" ती म्हणाली, आणि किक मारून ड्यूटीला निघून गेली.

त्यानंतर त्या गाडीवर कुणाचं काही टिकलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत गल्लीतली प्रत्येक गाडी रंगून जायची. आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवाराच्या माणसांनी न विचारता सुमनच्या टाकीवर त्याचा हसरा चेहरा चिकटवला. सुमननं काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटवला. तिनं तो वाफेवर अगदी सावकाश, एकही टोक न फाटता सोडवला, तळहातावर झेलून प्रचाराच्या मांडवात नेला आणि उमेदवार खुर्चीवर बसले होते त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या छातीवर थापला. "तुमची वस्तू तुमच्यापाशी ठेवा, साहेब. माझ्या गाडीवर मी बसते." तो माणूस निवडून आला. सुमनला बघितलं की त्याचा हात पुढे कित्येक वर्षं छातीकडे जायचा.

मग ते दिवस आले. कोणते, ते या शहरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, आणि ते एकदाच आले असंही नाही. दुकानं अर्ध्या शटरवर, शाळा सुटलेल्या, आणि जो तो दुसऱ्याच्या कपाळाकडे, टोपीकडे, गाडीकडे बघणारा. आमच्या गल्लीतल्या पोरांनी सकाळी सकाळी सगळ्या दुचाक्यांवर एक चित्र चिकटवलं. आपली गाडी ओळखू यावी म्हणून. पलीकडच्या वस्तीतही तेच चाललं होतं, चित्र वेगळं एवढंच. सुमन चहाचा कप घेऊन बाहेर आली, तिनं टाकी बघितली, कप पायरीवर ठेवला आणि चित्र ओढलं. ताजं होतं, एका ओढीत निघालं.

गल्लीतला उमेश पुढे झाला. चांगला पोरगा, त्याला लहानपणी सुमननंच लसी टोचल्या होत्या. "सिस्टर, हे तुमच्याच सुरक्षेसाठी हाय. काढलं तर पुढची जबाबदारी आमची नाय."

तेवढ्यात दवाखान्याचा शिपाई निरोप घेऊन आला. सलीमभाईंची सून अडली होती आणि त्यांच्या गल्लीत कुठलीच गाडी शिरायला तयार नव्हती. सुमननं आत जाऊन पिशवी आणली. मी म्हणाले, "सुमन, आज नको गं..." तिनं पिशवी हँडलला अडकवली. उमेश गाडीसमोर उभा राहिला. "तिकडं जायचंच कशाला, सिस्टर? त्यांच्यातली हाय ना?"

"पोटातलं पोर कुणातलं हाय ते बाहेर आल्यावर विचारू आपुन त्याला," सुमन म्हणाली. "सरक."

तो सरकला. पुढचं मला सलीमभाईंनी सांगितलं. त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी दहा-बारा जणांनी गाडी अडवली. त्यांनी टाकी बघितली, पुढचं-मागचं मडगार्ड बघितलं. काहीच नाही. "गाडी पे तो कुछ नहीं है. किधर की है?" सुमन म्हणाली, "जिधर बच्चा हो रा, उधर की." आणि क्लच सोडला. दुपारपर्यंत मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. परत येताना दोन्ही वस्त्यांच्या मधल्या मोकळ्या रस्त्यावर एक दगड आला, टाकीला लागला, गाडी आडवी झाली आणि सुमनचं कोपर मोडलं. दगड कुठल्या बाजूनं आला हे मी तिला पुष्कळदा विचारलं. पहिल्यांदा काळजीनं, नंतर रागानं, म्हातारपणी नुसतंच. तिनं कधी सांगितलं नाही. "दगडावर नाव नव्हतं," म्हणायची. तिचा तो हात पुन्हा सरळ झाला नाही. टाकीला पडलेला पोचाही तिनं कधी काढून घेतला नाही.

सलीमभाई दवाखान्यात आले ते खाली मान घालून बसले. दोन्हीकडच्या पोरांची चित्रं त्यांच्याकडेच कापायला आली होती. पहिल्या दिवशी त्यांनी कापून दिली होती. धंदा म्हणून... "अब नहीं काटूंगा," ते म्हणाले. सुमन त्यांना म्हणाली, "नात कशी हाय ते सांगा आधी." ते तणावाचे दिवस सरेपर्यंत त्यांनी दुकान उघडलं नाही. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून सुमन घरी आली. नंतरच्या एका रविवारी उमेश गाडी ढकलत अंगणात आला. ओठ सुजला होता. कामावर जाताना त्याला वाटेत कुणीतरी गाडीवरचं चित्र बघून अडवलं होतं. "सिस्टर, जरा निघंल का हे?" तो जमिनीकडे बघत म्हणाला.

मला वाटलं, आता सुमन त्याला फाडून खाईल. ती म्हणाली, "निघंल. पर तू लावलंयस, तूच काढ. बाई, पाणी ठेवता का जरा?"

ती खुर्चीत बसली आणि चांगल्या हातानं खुणा करत त्याला सांगत गेली. आडवं ओढ. घाई नको. तिथं तेल लाव. उमेशनं दुपारभर घासलं. मग दुसरा कुणी आला, मग तिसरा, दुसऱ्या वस्तीतलेही आले. आधी आडोशानं, मग उजळ माथ्यानं. कुणी विचार बदलला म्हणून, कुणी भीतीपोटी, कुणी गाडी विकायची म्हणून. सुमन कुणालाच कारण विचारत नसे. आमच्या अंगणात रविवारी गाड्यांची रांग लागायची आणि खोबरेलाचा वास सुटायचा. घरमालक कुरकुरायचे. मी मात्र पाणी तापवायचे.

शेवटच्या वर्षात तिला दम लागायचा. किक मारवत नव्हती. डॉक्टरांनी गाडीचं नाव काढायचं नाही असं बजावलं, तर तिनं डॉक्टर बदलला. सकाळी गाडीच्या बाजूला पायरीवर बसून ती कोपरातून वाकड्या हातानं जमेल तेवढी टाकी पुसायची, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायची. मितभाषी म्हणे!

तेराव्यानंतर वैशालीनं गाडी स्वतःकडे ठेवली. ती इथंच, आईच्या घरात राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. नातेवाइकांनी सांगून पाहिलं, भंगार झालंय, देऊन टाक. तिनं ऐकून घेतलं आणि गाडीला नवं टायर घातलं.

गेल्या रविवारी सकाळी मी तिच्याकडे चहाला गेले होते. फाटकाशी एक मुलगी स्कूटर घेऊन उभी. नवीन लग्न झालेली, हातातला हिरवा चुडा अजून ताजा. स्कूटर तिची स्वतःची, नोकरीला लागल्यावर घेतलेली, पांढरीशुभ्र. तिच्या पुढच्या भागावर सासरचं आडनाव मोठ्या सोनेरी अक्षरांत चिकटवलेलं होतं.

"सिस्टर इथंच राहतात ना?" तिनं विचारलं. "आमच्या गल्लीतल्या काकूंनी सांगितलं, त्या काढून देतात म्हणून."

वैशालीनं हातातली बशी खाली ठेवली. मी तोंड उघडणार, तर तीच बोलली. "आई वारली. महिना झाला."

मुलगी घाबरीघुबरी झाली. माफ करा म्हणाली, जाते म्हणाली, स्कूटर वळवायला लागली. मग थांबली आणि कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "मला आडनावाचा राग नाय. मला विचारायला पायजे होतं... इतकंच."

वैशालीनं फाटक उघडलं. स्कूटरचं हँडल धरून तिनं ती ऊन होतं तिकडे उभी केली, पंज्यानं पत्रा कितपत तापतोय ते बघितलं आणि मुलीला पाट सरकवून दिला.

"मी सांगते तसं कर," ती म्हणाली. "पण काढायचं तुझं तू."

मी आत गेले आणि पाणी ठेवलं.